वाटीभर वीज

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. लग्नाचा नव्हता, जत्रेचाही नव्हता, तरी आंबळवाडीची माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती. कमानीवर लिहिलं होतं : 'आपली वीज, आपल्याला कळू द्या.' आणि खाली, 'गावाची हॅकेथॉन. दोन दिवस. जेवण मोफत.'

खालची ओळ संपत आचाऱ्यानं घालायला लावली होती. "वरच्या ओळीनं कोण येतंय?" असं त्याचं म्हणणं. पटांगणाच्या कडेला त्यानं चुलाण पेटवलं होतं. भंडाऱ्याला येतो तसा घरोघरून शिधा आला होता. कुणाचे तांदूळ, कुणाची डाळ, कुणाच्या परसातली कोथिंबीर.

आंबळवाडी सासवडच्या पलीकडे, अंजिराच्या बागांत मानेपर्यंत बुडालेली. दोनशे बारा घरं, आणि प्रत्येक छपरावर सोलर. घरोघर बॅटरी, बॅटरीशेजारी भिंतीवर टांगलेला इन्व्हर्टर. सात वर्षांपूर्वी ही सगळी छपरं एका तारेत ओवली गेली, मण्यांसारखी. गाव त्याला जाळी म्हणे. प्रत्येक इन्व्हर्टरवर 'द्या' असं एक बटण होतं, दाबलं की आपल्या बॅटरीतली वीज जाळीत जायची. मोठ्या लाइनशी गावाचा एक धागा होता, पण तो बारीक. खरी भिस्त जाळीवर.

तारेतली वीज नदीसारखी एका दिशेनं वाहत नाही, ती डोलते. सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे, आणि गावातल्या प्रत्येक घरात तोच डोल, त्याच क्षणी. कुणी पिठाची गिरणी सुरू केली की डोल जड होतो, किंचित मंदावतो. घरोघरचा इन्व्हर्टर ते ओळखतो आणि आपल्या बॅटरीतलं थोडं जास्त घालतो. डोल वाढला की हात आखडता घेतो. कुणी कुणाला हुकूम देत नाही. फुगडीत समोरचीच्या हाताला ओढ लागली की आपला पाय आपोआप तोल धरतो ना, तसं.

मात्र ढग आले, वीज कमीच पडली, तर कुणी थांबायचं हे ठरवायला एक यंत्र होतं, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत. गावानं त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. मुकादम हुशार होता, पण कुणाला काही सांगत नसे.

आणि तिथंच मयूरी कुंजीरच्या घरात फिसकटलं होतं.

मयूरी जाळीची वायरमन. वय अडतीस, कमरेला पक्कड, पायात रबरी बूट, आणि खांबावर चढली की गुणगुणायची सवय. तिची थोरली जाऊ कांचन शेजारच्याच घरात राहायची. मध्ये फक्त छातीएवढी भिंत. कांचनची शीतखोली गावात सगळ्यांत मोठी. अंजीर म्हणजे बाळाच्या गालासारखं फळ, उन्हात दोन दिवसही धड राहत नाही. वरच्या आळीतली सगळी अंजिरं तिच्याच खोलीत थांबत आणि तिथून शहराकडे जात.

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी आभाळ भरून आलं आणि मुकादमानं शीतखोली चाळीस मिनिटं थांबवली. त्याचा हिशेब सरळ होता : बंद खोलीत थंडावा तासभर टिकतो, पाण्याचा पंप मात्र थांबवता येत नाही. पण त्या वेळी खोलीचं दार सताड उघडं होतं, पेट्या भरणं चालू होतं. मुकादमाला दार दिसत नव्हतं. अंजिरं मऊ पडली, फुटली.

कांचननं भिंतीवरून विचारलं होतं, "कुणी बंद केली?"

"यंत्रानं ठरवलं, ताई."

"कशावरून ठरवलं?"

मयूरीला सांगता आलं नाही. रोज ज्या तारा ती हातानं ताणायची, त्यांच्या मनातलं तिला सांगता आलं नाही.

"यंत्राची मी जाऊ नाही," कांचन म्हणाली. "तुझी आहे."

त्या दिवसापासून अबोला. तीन महिने कांचन मयूरीला जे काही सांगायचं ते गोठ्यातल्या म्हशीला सांगायची. "गंगे, पाहुणे यायचेत म्हणावं, अंगणातली शिडी उचला." गंगी रवंथ करायची, मयूरी शिडी उचलायची.

आता वरच्या आळीनं ठराव आणला होता : आम्हाला जाळीतून बाहेर पडायचंय. ठराव मांडणार कांचन, आणि मतं पडणार हॅकेथॉन संपल्यावर, रविवारी संध्याकाळी सहाला. वरची आळी सुटली तर सगळ्यांत मोठी बॅटरी सुटणार, आणि दिवेलागणीला खालची आळी अंधारात बसणार. मयूरीला ते कळत होतंच. पण त्याहून तिला ती छातीएवढी भिंत दिसत होती, माणसाच्या डोक्यावरून गेलेली.

म्हणून ती स्पर्धेत उतरली होती.

*

स्पर्धेत नऊ गट होते; जाळी गावाला कळेल असं काहीतरी प्रत्येकानं दोन दिवसांत करून दाखवायचं होतं. एकानं जाळीचा नकाशा काढला होता, त्यात इतक्या रंगांच्या रेघा की पाहणारा म्हणाला, "ह्या शेवया वाळत घातल्यात का?" जेजुरीच्या पोरांनी डोळ्यांवर चढवायचे चष्मे आणले होते, चष्म्यातून आपण स्वतः वीज होऊन तारेतून धावतो. माजी सरपंच दोन खांब धावले आणि मांडवाचा बांबू धरून बसले.

परीक्षक म्हणून पुण्याहून डॉ. तस्नीम मुल्ला आल्या होत्या. मुकादम त्यांनीच घडवलेला. बारीक चणीच्या, बोलताना मान तिरकी करणाऱ्या. मयूरीच्या टेबलापाशी त्या थांबल्या. टेबलावर वाटीएवढा गोल पडदा होता.

"हिचं नाव वाटी," मयूरी म्हणाली. "आठवडाभर खपून दोनशे बारा घरांत बसवल्यात. ही सांगते की तुमच्या घरी आत्ता कुणाची वीज आली."

"नाव कसं काढता?"

"ज्याच्याकडे जास्त आणि जो जवळ, त्याचं नाव."

तस्नीमबाईंनी मान तिरकी केली. "मयूरीताई, विजेला नाव नसतं. तारेत शिरली की सगळ्यांची एकच होते. हा तुमचा अंदाज झाला. निदान खाली 'अंदाजे' असं लिहा."

"लोकांना नावाशिवाय काही कळत नाही, मॅडम."

"तरी लिहा."

मयूरीनं लिहिलं. मुंगीलाच वाचता यावं एवढ्या अक्षरांत.

दुपारी वाट्या सुरू झाल्या आणि गावाला जणू नवं नातं जुळल्यासारखं झालं. "अहो, आमच्या मिक्सरमध्ये तुमच्या छपराचं ऊन फिरलं म्हणे!" "मग चटणी तिखट झाली असेल, आमची ही छपरावर मिरच्या वाळवते." बायका एकमेकींच्या दारात गेल्या. कोण कुणाच्या पंख्याला वारा देतंय याच्या गप्पा पारावर, नळावर, दळणाच्या रांगेत. खालच्या आळीचा एक म्हातारा वाटी छातीशी धरून पाटलांच्या घरी गेला आणि म्हणाला, "आज तुमच्यामुळं माझा रेडिओ बोलला." पाटलांनी त्याला जेवायलाच बसवलं.

शीतखोलीच्या दारावरच्या वाटीत अक्षरं उमटली : 'आत्ता तुमच्याकडे मयूरी कुंजीर यांच्या छपराची वीज आली.'

भिंतीच्या अलीकडून मयूरी चोरून पाहत होती. कांचननं ते वाचलं. पदरानं पडदा पुसून पुन्हा वाचलं. मग गोठ्यात जाऊन म्हणाली, "गंगे, कुणाचं काही ठेवून घ्यायची आपल्याला सवय नाही. सांगून ठेव."

पण आवाज मऊ होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा मऊ होता. त्या आवाजावर मयूरी रात्रभर तरंगत राहिली.

*

रविवारी सकाळी दहाला तस्नीमबाईंनी परीक्षेसाठी मोठ्या लाइनचा धागा सोडवला. आता गाव स्वतःच्या उन्हावर. दुपारपर्यंत जाळी गुमान चालली. मांडवात लोकांची पसंती विचारली तेव्हा सगळे हात वाटीसाठी वर गेले.

आणि चारला पाच मिनिटं असताना पंखे थांबले. ध्वनिक्षेपक खरखरून गप्प झाला. बाहेर चैत्रातलं ऊन रखरखत होतं आणि गावात विजेचा टिपूस नव्हता.

तस्नीमबाईंनी लॅपटॉपवर नोंदी काढल्या. त्यांचा चेहरा उतरला. "पावणेचारपासूनच्या दहा मिनिटांत. एकशे एक्केचाळीस घरांनी बॅटरीचं 'द्या' हे बटण दाबलंय. एकाच वेळी. माणसं असं करत नाहीत. बाहेरून कुणीतरी आपल्या जाळीत शिरलंय."

चुलाणापाशी संपत आचाऱ्यानं झारा खाली ठेवला.

"मी दाबलं, मॅडम."

"तुम्ही? कशासाठी?"

"काल आमच्याकडं जगतापांची वीज आली होती. वाटीवर आलं तसं. आता शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करतो का? चिमूटभर साखर तरी घालतोच की. सकाळी बॅटरी रिकामी होती. चहाच्या वेळेला भरली, म्हटलं देऊन टाकू."

"मीपण दाबलं," जगताप म्हणाले. "आमच्याकडं शिंद्यांची आली होती."

"आम्ही दोनदा दाबलं," मागून एक बाई म्हणाली. "दोन घरची आली होती ना."

माजी सरपंच बांबू सोडून उभे राहिले. "रिकामी वाटी परत करणाऱ्यातलं आमचं घराणं नाही."

तस्नीमबाई एकेकाकडे पाहत राहिल्या. मग त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे हल्ला तुमच्या चांगुलपणानं केलाय."

पण काय झालं ते मयूरीला आता आरपार दिसलं. बॅटऱ्या भरलेल्या, ऊन कडक, आणि सगळे देणारे. घेणारं कुणी नाही. डोल वाढत गेला, पन्नासाचा एक्कावन्न, बावन्न. बावन्नच्या पुढं गेलं की प्रत्येक इन्व्हर्टर जीव वाचवायला हात सोडतो. एकाच वेळी सगळ्यांनी हात सोडले.

"सगळ्यांनी वाढलं, जेवायला कुणी बसलंच नाही," संपत म्हणाला.

तेवढ्यात कांचन आली. ऊन तुडवत, डोक्यावरचा पदर घसरलेला. मयूरीकडे न बघता संपतला म्हणाली, "चाळीस पेट्या आहेत आत. दार उघडंच होतं, भरत होतो. तासाभरात गेल्या समजा. विचारा त्यांना, या वेळेला कुणाला वाचवायला मला थांबवलं?"

"कांचनताई, तुम्हीपण दाबलंत की," लॅपटॉपवर नजर टाकून तस्नीमबाई हळूच म्हणाल्या. "तीन सेहेचाळीसला. सगळ्यांच्या आधी."

कांचनचे कान लाल झाले. "काल हिच्याकडून आली होती. म्हटलं, ठेवायची कशाला?"

मयूरीला वाटलं, इथंच थांबावं. ताईनं सगळ्यांच्या आधी दिलं होतं. तिला दिलं होतं. हे एवढं खरं धरून बसलं तर संध्याकाळचा ठरावही कदाचित बारगळेल, आणि वाटीला बक्षीसही मिळेल. पण उद्या चहाच्या वेळेला गाव पुन्हा बटण दाबणार होतं. आणि तिनं ताईला दुसऱ्यांदा न सांगितल्यासारखं होणार होतं.

ती टेबलावर चढली.

"वाटीवरची नावं खरी नाहीत," ती म्हणाली. "मी ती अंदाजानं टाकली. मॅडमनी मला काल सांगितलं होतं. मी बारीक अक्षरांत लिहिलं, कुणाला दिसू नये म्हणून."

मांडवभर कुजबुज झाली. कांचन वळली.

"म्हणजे काल माझ्याकडे तुझी वीज आली नव्हती?"

तीन महिन्यांत ती पहिल्यांदा थेट मयूरीशी बोलली होती, आणि बोलली ती हे.

"आली असेल, ताई. नसेलही. कुणालाच सांगता येणार नाही. माझं छप्पर तुझ्या सगळ्यांत जवळ म्हणून माझं नाव आलं, बस."

कांचनचा चेहरा बंद झाला. संपतनं पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफेबरोबर मसालेभाताचा वास मांडवात शिरला.

"बघा इकडं," तो म्हणाला. "पन्नास घरचे तांदूळ आहेत यात. कांचनताई, तुमचं शीत कुठलं, काढून दाखवा."

कांचननं पातेल्यात डोकावलं.

"भंडाऱ्याला कुणी विचारतं का, माझ्या ताटात कुणाचा शिधा आला? द्यायचं ते पातेल्यात, घ्यायचं ते पातेल्यातून. एवढंच आहे नव्हं ते, मयूरी?"

"एवढंच आहे, संपतभाऊ," मयूरी म्हणाली. "सात वर्षं तारा ओढते मी. मला एवढं सोपं सांगता आलं नाही."

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"जाळी उठवायची तर आधी कुणीतरी डोल धरायला हवा," मयूरी कांचनकडे बघत म्हणाली. "मोठ्या लाइनचा धागा बारीक, तो एवढं गाव उचलायचा नाही. घरोघरचे लहान इन्व्हर्टर साथ करतात, सुरुवात करू शकत नाहीत. ती ताकद एकाच इन्व्हर्टरमध्ये आहे. तुझ्या शीतखोलीच्या. ताई, तू तो एकटीसाठी चालू केलास तर तुझ्या पेट्या आत्ता वाचतील, आणि कुणी तुला नाव ठेवणार नाही. आळीकडचा खटका वर केलास तर गाव तुझ्या मागोमाग उठेल. पण सगळे एकदम लोंबकळले तर तूही पडशील. मग दोन तास काही नाही."

"आणि एकदम लोंबकळणार नाहीत कशावरून?"

"मी सांगेन तसं येतील. देवळाचा भोंगा बॅटरीवर आहे. आकडा दिसेल तसा मी वाचत जाईन, सगळ्यांना ऐकू येईल असा. या वेळेला एकही गोष्ट झाकणार नाही."

कांचन वळली आणि उन्हात चालू लागली.

*

देवळाच्या पायरीवर मयूरी भोंग्याचा माइक घेऊन बसली. मांडीवर मोजयंत्र, त्याच्या तारा समोरच्या खांबात. पडद्यावर शून्य. तिनं सगळ्यांना आपापले खटके खाली पाडायला लावले होते. दारादारांत माणसं खटक्यावर हात ठेवून उभी होती. लग्नात अक्षता घेऊन उभी राहतात तशी.

वरच्या आळीतून शीतखोलीचा घरघराट ऐकू आला. कांचननं आपली खोली चालू केली होती. खांबावर मात्र शून्यच.

मयूरी वाट पाहत होती. एक मिनिट. दीड. खालच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, "काय झालं गं?" तिनं माइक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला. झाकायचं नाही म्हणाली होती, पण सांगायलाही काही नव्हतं.

आणि पडद्यावर आकडा फुटला. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास.

"पन्नास!" ती माइकमध्ये ओरडली. "वरची आळी, पहिली पाच घरं! फक्त पाच!"

पाच खटके वाजले. "एकोणपन्नास पूर्णांक चार. थांबा. थांबा. छपरं ऊन धरतायत... एकोणपन्नास पूर्णांक आठ... पन्नास. पुढची पाच!"

शीतखोलीच्या ओट्यावर पेट्या भरणाऱ्या बायका रिकाम्या हातांनी ताटकळल्या होत्या. दोन हुकमांच्या मधला वेळ जाईना, म्हणून त्यांतल्या एकीनं गळा मोकळा केला, आणि नेमकी अशी ओवी काढली की कांचननं तिच्याकडे डोळे वटारावेत :

*अंजिराच्या पानावरी अंजीर निजला गं मऊ,*
*एका उन्हाच्या अंगणी नांदत्यात दोघी जाऊ.*

ओवी भिंतींवरून खाली उतरली. खालच्या आळीनं ती उचलली. "पन्नास! गिरणीची गल्ली!" आणि खटके. "एकोणपन्नास पूर्णांक पाच, कुणीतरी मोटर लावली, कोण आहे ते?" "मी गं, चुकून!" "बंद करा, आजोबा!" हशा. आणि पुन्हा ओवी, आणि पुन्हा पन्नास. कुणी घाई केली की आकडा घसरायचा आणि सगळं गाव एका सुरात ओरडायचं, "थांबाऽऽ!" अर्ध्या तासापूर्वी ज्यांना डोल म्हणजे काय ठाऊक नव्हतं ती माणसं आता आकडा ऐकून स्वतःच सांगायला लागली. "अगं, पडला, आता पाटलांना घ्या, त्यांची बॅटरी मोठी." "आम्ही गिरणीवाले मागून येतो, आमचं वजन जास्त." मयूरीला पुढं पुढं नुसता आकडा म्हणावा लागला. कुणी यायचं, कुणी थांबायचं, ते गावच ठरवत होतं.

पावणेपाचला शेवटचं घर आलं. पंखे फिरले, ध्वनिक्षेपक खरखरला, आणि टाकीवर पाण्याचा पंप घुमायला लागला.

तस्नीमबाई देवळाच्या पायरीवर वहीत काहीतरी खरडत होत्या. "बारा वर्षं मी यंत्राला माणसं समजावून सांगतेय," त्या म्हणाल्या. "उलटं करायचं राहिलंच."

*

पहिलं बक्षीस जेजुरीच्या चष्मेवाल्यांना गेलं. कुणाला वाईट वाटलं नाही. पोरं गोड होती आणि माजी सरपंचांना त्यांनी लिंबू-सरबत पाजलं होतं.

सहाला सभा भरली. कांचन ठरावाचा कागद घेऊन उभी राहिली. कागदाची घडी तिनं उघडलीच नाही.

"थांबायला माझी ना नाही," ती म्हणाली. "पाण्याचा पंप चालायला हवा, ते मलाही कळतं. पण माझ्या खोलीचं दार उघडं आहे की बंद, हे मुकादमाला दिसत नाही. मला दिसतं. तेव्हा आधी भोंग्यावरून विचारायचं, मग थांबवायचं. आणि त्या वाट्यांवरची नावं काढून तिथं आकडा लावा, आज वाचला तसा. एवढं मान्य असेल तर वरची आळी कुठं जात नाही."

"मान्य!" आधी संपत ओरडला, मग सगळे.

तस्नीमबाईंनी मान डोलावली. "मुकादमाला विचारायला शिकवते मी. महिना द्या."

माणसं पांगली. मांडवाच्या दोऱ्या सुटायला लागल्या. मयूरी मोजयंत्राच्या तारा गुंडाळत होती तेव्हा समोर सावली पडली.

"खोटं होतं तर सांगितलंस कशाला?" कांचन म्हणाली. "बरं चाललं होतं."

"तू पुन्हा विचारलं असतंस, ताई. आणि मला पुन्हा सांगता आलं नसतं."

कांचननं तिच्याकडे पाहिलं. बुटांपासून विस्कटलेल्या केसांपर्यंत, सावकाश.

"खटका लवकर वर करवेना मला," ती म्हणाली. "दीड मिनिट नुसती धरून उभी होते."

"मला कळलं. मीपण खाली तशीच बसले होते."

दोघी हसल्या की नाही ते सांगता येत नाही, कारण दोघींनी एकाच वेळी तोंड फिरवलं. मग कांचन चालू लागली, आणि चार पावलांवर थांबून मागं न बघता म्हणाली,

"हात स्वच्छ धू आणि ये. चाळीस पेट्या आहेत, मी एकटी भरू का?"